कूस आणि कायदा

'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या दिला गेला. नवी सून वाकली की वडीलधाऱ्यांच्या तोंडून तो आपोआप निघे आणि सूनही तो पदरात घेऊन उठे. त्यातला हिशेब मात्र कोणी मांडलेला दिसत नाही. आशीर्वाद पुत्रांचा आहे. कन्या त्यात धरलेल्या नाहीत. आठ पुत्र हवेत तर निसर्गाच्या रीतीने जवळपास तितक्याच कन्याही होणार. म्हणजे सोळा बाळंतपणे झाली. जन्मलेल्या मुलांपैकी किती हाताशी लागत हे ज्यांना ठाऊक आहे ते हा आकडा आणखी वर नेतील. न्हाण आल्यापासून विटाळ जाईपर्यंतची तीस वर्षे या एकाच कामी लावली तरी आशीर्वाद पुरता फळेल की नाही याची शंकाच! देणारा शब्द देऊन मोकळा होई. हिशेब मांडायचा तो घेणारीने, आणि तोही अंगावर.

या हिशेबाचा इतिहास लिहायला बसले तर साधने फारशी सापडत नाहीत. बखरकार पुत्र झाला, नौबत झडली, हत्तीवरून साखर वाटली एवढे नोंदवतो. बाळंतिणीच्या खोलीत तो कधी डोकावलेला नसतो. ती अंधारी खोली, बाजेखालची शेगडी, शेपा-बाळंतशोपांची धुरी, पाचवीला पुजलेली सटवाई आणि उंबऱ्याशी उभी असलेली सुईण हे सारे जग बायकांचे; पुरुष तिथे फिरकत नसे, आणि इतिहास लिहिणारे बहुधा पुरुषच असत. म्हणून आपल्याकडे गरोदरपणाचा लेखी इतिहास सुरू होतो तो घरातून नव्हे, कचेरीतून. जेव्हा पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर, गिरणीमालक आणि कायदेमंडळाचे सभासद यांचा बाईच्या पोटाशी संबंध आला तेव्हाच त्याचे कागद होऊ लागले. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतले यांपैकी काही कागद येथे उलगडून पाहायचे आहेत.

भारतीय दंडविधान १८६० साली मंजूर झाले आणि १८६२ च्या आरंभापासून ते लागू झाले. त्याच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरवला, आणि पुढे स्पष्टीकरण जोडून सांगितले की स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही याच कलमात येते. नवजात मूल मारणे हा तर सरळ खूनच. कायदा इंग्रजांचा होता, पण त्याच्या तडाख्यात सापडणारी बाई आपल्याच रूढीने घडवलेली होती. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मुभा दिली होती खरी. प्रत्यक्षात ब्राह्मण घरातली बारा-पंधरा वर्षांची विधवा केशवपन करून स्वयंपाकघरात कोंडली जाई. घरातला किंवा शेजारचा एखादा पुरुष तिच्या वाटेला गेला आणि दिवस राहिले, की तिच्यापुढे वाटा दोनच उरत: विहीर जवळ करणे किंवा मूल विहिरीत टाकणे. पहिली पत्करली तर खटल्याचे कारण उरत नसे.

पुण्यात जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या एका तरुण विधवेने दुसरी वाट धरली. मूल विहिरीत सापडले, ती पकडली गेली आणि जन्मठेपेवर काळ्या पाण्याला गेली. या प्रकरणाने अस्वस्थ झालेल्या जोतीरावांनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि गावात त्याच्या जाहिराती लावल्या. त्या जाहिरातीचा आशय पुष्कळांना ठाऊक आहे. तरी तो पुन्हा नीट पाहण्यासारखा आहे. विधवेने यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यायचे की तेथेच ठेवायचे हे तिच्या मर्जीवर. तिने ते ठेवले तर सांभाळण्याची जबाबदारी गृहाची. कोणापासून दिवस गेले, जात कोणती, पश्चात्ताप झाला आहे की नाही, यांपैकी एकही प्रश्न त्या पाटीवर नाही. शेवटचा निर्णय ज्या बाईच्या पोटी मूल आले तिच्यावर सोडलेला आहे. पुढच्या दीडशे वर्षांत या विषयावर जे कायदे झाले त्यांतल्या फारच थोड्यांना हे जमले.

मलबारींच्या टिपणावर मत देताना १८८४ साली जोतीरावांनी या गृहाचा जो हिशेब दिला आहे, तो वाचून मन सुन्न होते. तोवर पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. बाकीची तीस गेली, याचे कारण गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच जहाल औषधे घेतली होती आणि त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली होती. म्हणजे ही बाई गृहाच्या दाराशी पोहोचत होती ती सर्व उपाय करून थकल्यावर. त्या औषधांनी आयांचे काय झाले असेल याची नोंद कोठे नाही. पाटीवर नाव जोतीरावांचे असले तरी दिवसरात्र या बायकांची निगा राखली ती सावित्रीबाईंनी. त्यांना स्वतःला मूल नव्हते. १८७४ साली अशाच एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यासाठी रोगी आणता-आणता सावित्रीबाईंचा अंत झाला. आई होण्यासाठी गर्भार राहावेच लागते असे नाही, ही गोष्ट त्यांनी भाषण न देता करून दाखवली.

पंढरपुरासही १८७५ साली तेथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी ते चालवले. तीर्थाच्या गावी ते निघावे यात नवल नाही. अडलेल्या विधवेला 'यात्रेला' पाठवण्याची युक्ती कुटुंबांना चांगली अवगत होती. विठोबाच्या दर्शनाचे निमित्त करून गेलेली सून तीन-चार महिन्यांनी एकटीच परत येई आणि कोणी काही विचारीत नसे.

असेच एक प्रकरण १८८१ साली सुरतेच्या कोर्टात आले. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले अनौरस मूल मारले म्हणून तिला फाशीची शिक्षा झाली. मुंबईच्या हायकोर्टात ती जन्मठेपेवर आली आणि नंतर पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने बायकांच्या नीतिभ्रष्टतेवर रकाने भरले. त्या रकान्यांना उत्तर आले ते वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे या सत्यशोधक घराण्यातल्या मराठा बाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे पुस्तक छापले. त्यांचा सवाल साधा होता: गुन्हा दोघांनी मिळून केला असेल तर पिंजऱ्यात एकटी बाईच का? ज्या पुरुषापासून दिवस गेले तो पागोटे सावरीत गावात उजळ माथ्याने हिंडतो, आणि त्याच पुरुषांची जात न्यायाला बसून बाईचे दुर्गुण मोजते. सभ्य भाषेत बोलण्याची त्यांना गरज वाटली नाही. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि नंतर पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १८७५ नव्हे, थेट १९७५ साली पुन्हा छापले. मध्यंतरीच्या त्र्याण्णव वर्षांत मराठीत मातृत्वाची स्तोत्रे किती लिहिली गेली असतील ते मोजण्याच्या भरीस आपण पडू नये.

विधवेचे गरोदरपण हे पाप, तर सवाष्णीचे गरोदरपण हे पुण्य; पण देहाला पाप-पुण्य कळत नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी विवाहित झाल्या आणि चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. नीट औषधोपचार मिळाला असता तर मूल वाचते, ही जाणीव त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे होती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ साली एम.डी. झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी जी गोष्ट अंगावरून गेली तिच्याकडे एकविसाव्या वर्षी त्या शास्त्र म्हणून पाहत होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयाने त्या १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. १८८६ सालीच मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले होते. पुढे रखमाबाईंसारख्या बाईने संमतीशिवाय झालेले लग्न कोर्टात झुगारले आणि डॉक्टर होऊन सुरतेस व राजकोटास आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा पुण्यात केवढे रण माजले ते सर्वश्रुत आहे. त्या वादात धर्म, राष्ट्र, परकीय सरकारचा हस्तक्षेप या सर्वांवर पोटतिडकीने बोलले गेले; अकराव्या-बाराव्या वर्षी गर्भार राहिलेल्या मुलीच्या ओटीपोटाचे काय होते यावर बोलणारे थोडे.

आता मुंबईकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तेथल्या कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रिळावर आणि वाइंडिंगमध्ये कोकणातून, घाटावरून आलेल्या या बायका उभ्याने काम करीत आणि बहुतेकजणी दिवस भरत येईपर्यंत करीत. गावी जाऊन बाळंत होणे हा रिवाज. ज्यांना ते परवडत नसे त्या चाळीतल्या खोलीतच होत. १९२१ सालच्या मुंबईतल्या बालमृत्यूंचा आकडा हजारी साडेसहाशेच्या वर दाखवला आहे. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ मुलांचा जन्म गावी नोंदला जाई आणि मरण शहरात, त्यामुळे तो फुगलेला आहे. पण फुगवटा काढून टाकला तरी जे उरते ते भयंकरच आहे. त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते असे तिला आढळले. आई दहा तास गिरणीत. मूल रडू नये, निपचित पडून राहावे म्हणून सकाळी बाळगोळी चाटवायची आणि संध्याकाळी येऊन पाजायचे. सुधारक मंडळींनी यावर आयांच्या अज्ञानाची कीव केली. परंतु ती गोळी अज्ञानापोटी दिली जात नव्हती. गिरणीच्या भोंग्यापोटी दिली जात होती. ती बाई कामावर गेली नाही तर घरातली इतर मुले उपाशी राहत.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात तसेच बिल १९२८ साली चर्चेस आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे नियुक्त सभासद होते. त्यांनी जुलै महिन्यात केलेले भाषण आखूड आहे आणि मुद्द्याला धरून आहे. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. पण तेवढ्याने मालक सुटतो असे त्यांना वाटत नव्हते. मालक बाईला कामावर ठेवतो तो काही दानधर्म म्हणून नव्हे. पुरुषाऐवजी बाई ठेवण्यात त्याला नफा आहे म्हणून ठेवतो. ज्याला नफा त्याने त्या नफ्याबरोबर येणारा खर्चही काही अंशी सोसावा. या युक्तिवादाला अर्थशास्त्राचा पाया होता, आणि त्याच्या आड एक घरही होते. रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्यांतला शेवटचा राजरत्न या भाषणाच्या दोनच वर्षे आधी, १९२६ साली. आंबेडकर स्वतः रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य. कौन्सिलात त्यांनी यातले काहीच सांगितले नाही.

कायदा १९२९ साली झाला. बाळंतिणीला रोजी आठ आणे मिळू लागले. त्याच वर्षी शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे वय चौदा केले, हाही योगायोग नोंदवण्यासारखा आहे. आठ आण्यांनी काय झाले? ज्यांना मिळाले त्यांना विसावा मिळाला, यात शंका नाही. पण मालकांनीही आपला हिशेब मांडला. बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो, रात्रपाळीला बाई घेता येत नाही, पाळणाघराची मागणी होते. मग बाई ठेवायचीच कशाला? नवी यंत्रे आली, खाती मोडली, आणि निघालेल्या जागी पुन्हा बाई घेतली गेली नाही. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरणगावातून स्त्री-कामगार जवळजवळ नाहीशी झाली. सगळा दोष कायद्यावर टाकणारे मालकांचे म्हणणे मला पटत नाही; यांत्रिकीकरणाने तिला तशीही बाहेर काढलेच असते. मात्र आईपणाचा खर्च एकट्या मालकाच्या दारात ठेवला तर तो दारच लावून घेतो, हा त्यातला अनुभव खरा आहे, आणि सरकारने मुख्य भार उचलावा हे आंबेडकरांचे सांगणे किती दूरदृष्टीचे होते तेही यावरून दिसते. गिरणीतून निघालेल्या बायका गेल्या कोठे? कोणी भाजी घेऊन बसली, कोणी खाणावळ घातली आणि एका खोलीत पंधरा-वीस गिरणीकामगारांना दोन वेळ जेवू घालू लागली. तेथे बाळंतपणाचा भत्ता कोण देणार?

विसावा मिळावा, भत्ता मिळावा येथवर समाजाची मजल गेली. पण बाळंतपणच नको असे कोणी म्हणू लागताच सारे बिथरले. ते म्हणणारा पहिला माणूस म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. मेरी स्टोप्सबाईंनी लंडनला संततिनियमनाचे केंद्र काढले त्याच वर्षी, १९२१ साली, यांनी मुंबईत काढले. पेशा गणिताच्या प्राध्यापकाचा. या उद्योगापायी विल्सन कॉलेजातली नोकरी १९२५ साली गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालवले. वडिलांना विधवांच्या शिक्षणासाठी देशाने डोक्यावर घेतले. मुलगा बाईच्या कामसुखाचा हक्क मागतो म्हणून त्याच्यावर तीनदा अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले होते. तरी दंड झालाच. मालतीबाईंनी आणि त्यांनी मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करवून घेतली ती रघुनाथरावांनी स्वतःवर. उपदेशक पुष्कळ झाले. चाकूखाली स्वतः जाणारे फार थोडे. कर्व्यांचे वेगळेपण असे की, संततिनियमनाचा विचार ते बाईच्या बाजूने करीत. घरात खाणारी तोंडे किती, देशाची लोकसंख्या किती, हे प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होते. नको असलेले गर्भारपण म्हणजे बाईवरची सक्ती, मग ती लग्नात असो की लग्नाबाहेर, हे त्यांनी पुन्हापुन्हा मांडले. त्यांच्या समकालीनांत अशी दृष्टी अपवादानेच दिसते. ना. सी. फडक्यांसारखे लेखकही या चळवळीत होते. पण त्यांचा भर 'सुप्रजाजनना'वर, म्हणजे कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये यावर. त्या युरोपीय वाऱ्याची झुळूक कर्व्यांनाही लागली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

१९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई वर्ध्यास जाऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींचे म्हणणे ब्रह्मचर्याचे: संततिनियमन संयमाने करावे, साधनांनी करू नये, आणि बाईने नवऱ्याला नकार द्यायला शिकावे. नकाराचा हा सल्ला वाटतो तितका जुनाट नाही. पतीलाही नाही म्हणण्याचा अधिकार आपल्या शास्त्रांनी बाईला दिलेलाच नव्हता. पण नकार देऊन जिला घरात राहायचे आहे, तिला नवऱ्याच्या संयमावर विसंबून राहा म्हणून सांगणे म्हणजे कुलपाची किल्ली चोराच्याच हाती ठेवण्यापैकी होते.

तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबईच्या असेंब्लीत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी आंबेडकरांच्या वतीने ठराव मांडला: सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावी. या भाषणात दारिद्र्य, बालमृत्यू, लोकसंख्या हे नेहमीचे मुद्दे आहेतच. परंतु मध्येच एक वाक्य असे येते की वाचणारा थबकतो. आशय असा की, बाळंतपणात बाईला ज्या यातना होतात त्या पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल होऊ द्यायला त्यांच्यापैकी कोणीही तयार झाला नसता. सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी पाच-सहा मुले असावीत. ठराव अकरा विरुद्ध बावन्न मतांनी पडला. त्या काळी कायदेमंडळे जवळजवळ पुरुषांचीच होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

याच वर्षी रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई परदेशातून परतून पुण्यात संततिनियमनाच्या कामाला लागल्या. केंब्रिजची गणिताची पदवी, जिनिव्हाची नोकरी आणि कडेवर तान्ही मुलगी असलेली ही बाई रबराच्या साधनांची माहिती सांगत हिंडते म्हणून लोक तोंडात बोटे घालीत. पुढे त्या विधानपरिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. पण तोवर काळ बदलला होता. जे काम कर्व्यांना नोकरी घालवून करावे लागले ते स्वतंत्र भारताच्या सरकारने आपणहून हाती घेतले, आणि घेताना त्याचा गाभा बदलला. बाईची सुटका हे उद्दिष्ट मागे पडले. लोकसंख्येचा आकडा पुढे आला. त्या आकड्यापायी आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही एवढेच. त्या काळातल्या शस्त्रक्रिया प्रामुख्याने पुरुषांच्या होत्या, आणि पुरुषांच्या होत्या म्हणूनच १९७७ साली सरकार कोसळण्याला त्याही एक कारण झाल्या. त्यानंतर सर्वांनी धडा घेतला तो असा की, पुरुषाला हात लावायचा नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ ठिकाणी बाईची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषाची शेकडा ०.३ ठिकाणी. रघुनाथरावांचा कित्ता गिरवणारे हजारात तीन.

गर्भपाताच्या कायद्याची गोष्टही याच वळणाची. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ साली समिती नेमली, १९६६ अखेर तिचा अहवाल आला आणि १९७१ साली कायदा झाला. चोरून, गलिच्छ उपायांनी मरणाऱ्या असंख्य बायका त्याने वाचल्या, आणि पाश्चात्य देशांतल्या पुष्कळ कायद्यांच्या आधी तो झाला, हे श्रेय द्यायलाच हवे. पण त्याची रचना पाहा. ३१२ कलम जागच्या जागी राहिले. त्याला अपवाद म्हणून हा कायदा केला. निर्णय डॉक्टरचा, बाईची फक्त संमती. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ हे कारण मान्य झाले, पण ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्याबाबतीत. फुल्यांच्या पाटीवर विधवेसाठी उघडे असलेले दार शंभर वर्षांनंतरच्या कायद्यात अशा रीतीने अर्धवट लोटलेले आढळते. २०२१ च्या दुरुस्तीने 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ नाकारता येणार नाही असे सांगितले. दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवणारे स्पष्टीकरण मात्र तिच्या ८८ व्या कलमात मुक्कामाला आले आहे.

येथे एक अवघड जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. बाईचा निर्णय म्हणून जो हक्क मागितला त्याच्याच आडोशाने मुलींचे गर्भ पाडले गेले. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या त्या २०११ साली ८९४ उरल्या. 'अष्टपुत्रा'मधला पुत्र जागेवरच होता. आठांचे दोन झाल्यामुळे तो अधिकच निकडीचा झाला, इतकेच. सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या बाईला तुमचा निर्णय काय असे विचारले तर ती सासूचा निर्णय सांगते. हा निर्णय तिचा म्हणावा काय? माझे उत्तर नाही असे आहे; पण म्हणून तिच्या हातून निर्णयच काढून घ्यावा, असेही त्यातून निघत नाही. मुलगी नको म्हणणाऱ्या घराला शिक्षा करण्याऐवजी गर्भपाताच्या औषधांवर पहारा बसवणे सोपे असते, म्हणून पुष्कळदा तेच केले जाते.

२०११ च्या त्या गणनेत बीड जिल्ह्याचा आकडा ८०७ होता, राज्यात सर्वांत खालचा. त्याच बीडचे नाव २०१९ साली दुसऱ्या कारणाने गाजले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा बोभाटा झाला आणि विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांपैकी तेरा हजारांवर बायकांची 'पिशवी काढलेली' होती. त्यांतल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या. अंगावर जाते, कंबर धरते, तळावर मोरी नाही, आणि एक दिवस घरी बसले तर खाडा पडून दंड कापला जातो. मूल होऊन गेले आहेच, मग ही कटकट हवी कशाला, असे डॉक्टरही सांगतात आणि बाईलाही पटते. पाडव्यापर्यंत फडात राबायचे तर दर महिन्याची अडचण परवडत नाही.

बाळंतपणाची रजा १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची झाली, २०१७ साली सव्वीस आठवड्यांची, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच ठेवली आहे. फडावर दिवस भरत आलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल त्या कोयत्याच्या नावावर असते, आणि नाव नवऱ्याचे असते.